पंख्याच्या पैशांचा चाकू

मी एक जुना, घडीचा चाकू आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकतो, मी महाग आहे. पूर्वी हे मी फुशारकीने सांगत असे, आता नुसत्या सवयीने सांगतो. सध्या माझा मुक्काम एका पत्र्याच्या डब्यात आहे. सोबतीला तेलात भिजवलेली चिंधी आणि प्लास्टिकच्या पट्ट्यांचे एक भेंडोळे आहे. झाकण उघडले की मला वाटते, आले बोलावणे. पण बहुतेक वेळा कोणीतरी सुई शोधत असते.

मी भाजी चिरणारा चाकू नाही. मी झाडांची कलमे बांधणाऱ्यांचा चाकू आहे. माझ्या जन्माचे मला फारसे आठवत नाही. आग, तेल आणि दगड एवढेच आठवते. पाते एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने उतरते. मूठ लाकडाची, टोकाला पितळ. एकोणीसशे नव्याण्णव साली नागपूरच्या एका कृषी प्रदर्शनात मी काचेखाली पडून होतो. शेजारी तीस रुपयांचे चाकू ढिगाने विकले जात होते आणि माझी किंमत ऐकून लोक हसून पुढे जात होते.

तिथे उदाराम आला. अर्जुनी मोरगावजवळच्या एका रोपवाटिकेत तो माळी होता आणि रोपांच्या गाडीबरोबर आला होता. त्याने मला उघडले, मिटले, पाते अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवून पाहिले. किंमत विचारली. साडेआठशे. त्याने मला खाली ठेवले आणि निघून गेला. थोड्या वेळाने परत आला, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याने खिशातून पैसे काढले, आणि ते काढताना त्याचा चेहरा चोरी करणाऱ्या माणसासारखा झाला होता.

त्याचे कारण मला घरी गेल्यावर कळले. त्याची बायको अल्का दारातच उभी होती. ती त्याच्याकडे नाही, त्याच्या मागे बघत होती. ते पैसे तिने टेबल फॅनसाठी दिले होते. उदारामने मला खिशातून काढून तिच्यासमोर धरले. तिने मला उलटसुलट पाहिले आणि एवढेच विचारले, "अन् पंखा?"

मित्रांनो, आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक असेल. वैशाखात भिंतीसुद्धा तापतात. त्यानंतरच्या प्रत्येक वैशाखात अल्काबाई पुठ्ठ्याने वारा घेत बसायची आणि मधूनमधून माझ्याकडे बघायची. तिच्या बघण्याने माझी धार बोथट झाल्यासारखी वाटायची.

रोपवाटिकेत मात्र माझे दिवस मजेत चालले होते. उदारामचा हात काय सांगू! तो फांदीवर मला एकदाच टेकवायचा आणि एकदाच ओढायचा. घासायचा नाही, उचलायचा नाही. काप असा गुळगुळीत निघायचा की त्यात ओलाव्याची चमक दिसायची. मग त्या काडीची पाचर खुंटाच्या, म्हणजे मुळांसकट वाढवलेल्या रोपाच्या, चिरेत बसवून तो पट्टी गुंडाळायचा. काप खडबडीत झाला तर दोन झाडे एकमेकांना धरत नाहीत, काडी काळी पडते. इतरांची शंभरातली साठ कलमे जगायची, आमची ऐंशीच्या वर. रोपवाटिकेच्या साहेबांनी दोनदा सगळ्यांसमोर मला हातात घेऊन दाखवले होते. उदाराम ते घरी येऊन सांगायचा. अल्काबाई म्हणायची, झाडं रोपवाटिकेची, घाम मात्र माझा. तिच्या तोंडून एखादा चांगला शब्द निघावा म्हणून मी का झुरत होतो, कोण जाणे. साहेबांच्या कौतुकाने माझे पोट भरत नव्हते, एवढे खरे.

अल्काबाईचे माहेर सडक अर्जुनीचे. एका अर्जुनीची मुलगी दुसऱ्या अर्जुनीला दिलेली. माहेरच्या अंगणात, हमरस्त्याला लागून, तिच्या वडिलांच्या वेळचे आंब्याचे झाड होते. फळाच्या खांद्यावर शेंदरी झाक, म्हणून त्याला सगळे शेंदऱ्या म्हणत. आईवडील गेल्यानंतर ती माहेरी जायची ती या आंब्यासाठीच, असे उदाराम चिडवायचा. मग रस्ता रुंद होणार असे ठरले. तिचा भाऊ मनिराम सांगत आला की झाडाच्या बुंध्यावर लाल पट्टा मारला आहे, पाऊस लागला की तोडणार. त्या दिवशी अल्काबाई जेवली नाही. संध्याकाळी ती माझ्याकडे बोट दाखवून नवऱ्याला म्हणाली, "एवढा महागाचा चाकू आहे ना, तं माझ्या मायघरचा आंबा आणून दाखवा."

कोय पेरून तोच आंबा येईल याचा भरवसा नसतो, हे उदारामला माहीत होते. कलमच हवे. पण कलम नाही लागले तर तिचे दुःख दुप्पट होईल, म्हणून तो तिला काही न सांगता सडक अर्जुनीला गेला आणि चांगल्या काड्यांची पाने छाटून आला. पाने छाटली की आठदहा दिवसांत डोळे फुगतात आणि काडी कलमाला तयार होते. दुसऱ्यांदा तो काड्या आणायला गेला तेव्हा फक्त कात्री घेऊन गेला. मला त्याने कोनाड्यात ठेवले होते.

नेमक्या त्या दुपारी घरी पाहुण्या बायका आल्या. पानाचे ताट पुढे आले आणि अडकित्ता सापडेना. त्यांच्यातल्या एकीने कोनाड्यातल्या माझ्याकडे बघत किंमत विचारली आणि ऐकून ती हसली. अल्काबाईला ते हसणे लागले. ती मला घेऊन आली. "साडेआठशेचा चाकू अन् एक सुपारी नाही फुटत?" असे म्हणत तिने मला सुपारीवर टेकवले आणि पाठीवर वरवंटा हाणला.

सुपारी फुटली. माझी धारही फुटली. ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा उडाला. अल्काबाईने मला पुसले, मिटले आणि कोनाड्यात ठेवले. मला तिचा इतका राग आला होता की मिटताना तिच्या बोटाला चावावे असे वाटले. चावलो नाही.

उदाराम परतला तो ओल्या गोणपाटात बांधलेले काड्यांचे भेंडोळे घेऊन. झाडावर दुसऱ्या दिवशी करवत चालणार होती. त्याने गोणपाट सोडले. अल्काबाई चुलीजवळून उठली, एक काडी घेतली, मोडून नाकाशी धरली आणि तिथेच बसली. तो वास तिने लगेच ओळखला होता. त्याच वेळी उदारामने मला उघडले.

त्याने अंगठ्याचे नख माझ्या फुटलेल्या धारेवरून फिरवले. ओरडला नाही. अल्काबाईनेच सांगितले, "म्या सुपारी फोडली त्यानं." मग घाबरत विचारले, "दुसऱ्या चाकूनं नाही जमत का?"

"जमते," उदाराम म्हणाला. "पण हा आंबा मले गमवाचा नाही."

सकाळ होताच तो अंगणात दगड घेऊन बसला. तो तुकडा उडाला होता तिथपर्यंत माझे अख्खे पाते झिजवावे लागणार होते. तो घासत होता आणि अल्काबाई शेजारी बसून दगडावर थेंब थेंब पाणी सोडत होती. तिने त्या दिवशी मजुरीचे काम बुडवले. मला वेदना होत होत्या, तरी सांगतो, मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात सुखाची सकाळ होती. तिचे बोट अधूनमधून माझ्या पात्यावरून फिरत होते, धार लागली का ते बघायला.

दुपार झाली तोवर काड्या थोड्या मलूल झाल्या होत्या. उदारामने बारा कलमे बांधली. महिन्याभरात अकरा काळी पडली. रोज सकाळी अल्काबाई एकेक काडी बघायची आणि आत जायची. बाराव्या काडीला एके दिवशी तांबूस कोवळे पान फुटले. तिने उदारामला हाक मारली नाही. त्याचा हात धरून त्याला तिथे नेले.

झाड अंगणात वाढले. पहिला मोहोर उदारामने खुडून टाकला, झाड लहान आहे म्हणून. त्यावर अल्काबाई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. दरम्यान घरात पंखाही आला होता. उदाराम मात्र थकला. त्याचा उजवा हात कापू लागला, रोपवाटिका सुटली आणि मी या डब्यात आलो. त्याच्या अंगठ्याची जागा माझ्या मुठीवर गुळगुळीत झिजली आहे. ती जागा किती रिकामी वाटते, ते शब्दांत सांगता येत नाही.

या वर्षी वैशाखात पहिली सात फळे पिकली. उदारामने मोठ्या थाटात मला डब्यातून काढून ताटलीत ठेवले. माझा निकाल लागायचा दिवस होता तो. अल्काबाई मला बघून हसली. शेंदऱ्या हा चोखायचा आंबा. त्याला चाकू लागतच नाही. तिने तो हातात मऊ केला, देठ काढला आणि डोळे मिटले. मी नुसता बघत राहिलो.

तिच्या गालावरून पाणी ओघळत होते. उदारामने विचारले, "कायले रडून राहिली?"

तिने कोय चोखून चोखून पांढरी केली, पदराने तोंड पुसले आणि माझ्याकडे पाहिले. "तवा पंखा घेतला असता," ती म्हणाली, "तं आतापर्यंत कवाचा जळून गेला असता."

बारा वर्षांहून जास्त काळ मी या एका वाक्याची वाट पाहिली होती.

मग ती म्हणाली, एका झाडाचा काय भरवसा, मनिरामच्या दारी पण एक पाहिजे. उदारामने आपला कापरा हात पुढे करून दाखवला. तिने तो खाली केला आणि मला उचलले. "माझा चालते. तुम्ही फक्त सांगा."

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी महागडी वस्तू असेल तर तिची किंमत इतक्या लवकर ठरवू नका. तिला तिचे काम द्या, आणि दुसऱ्याचे काम देऊ नका. काम झाले की पुसून ठेवा. सुपारीला अडकित्ता आहेच.

कलमे बांधायच्या आखाडाला अजून महिना आहे. खुंट तयार आहेत. अल्काबाई रोज झाडाखाली उभी राहून कोणती काडी घ्यायची ते बघते, आणि रात्री चिंधीवर तेलाचा एक थेंब टाकून झाकण लावते. तिच्या अंगठ्याला माझी मूठ अजून ओळखत नाही. ओळख होण्याची मी वाट बघतो आहे.