अर्ध्या तासाचं टोकन

या बाबांनो, या आयांनो, असं लांब भिंतीला टेकून बसू नका. सरका पुढं, सतरंजीवर जागा मायंदाळ आहे. आज एक गोष्ट सांगायची आहे. हिच्यात राजा नाही, राक्षस नाही, कुणाचा शाप नाही. एक पोरगी आहे, एक कॉम्प्युटर आहे आणि एक कुलूप लावलेलं कपाट आहे. बुवा लोक आधी निरूपण करतात, मग आख्यानाला हात घालतात. इथं थेट आख्यानच. कान तेवढे इकडं द्या.

साल दोन हजार बारा, महिना श्रावणाचा. बीदरकडच्या भालकी तालुक्यातल्या मेहकरच्या आप्पारावांची लेक विजयश्री गुलबर्ग्याला एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला होती. कंपनी म्हणजे काय, तर भांड्यांच्या दुकानावरच्या तीन खोल्या. मालक शिवशंकर सर. कोड लिहिणारा अफजलपूरकडच्या करजगीचा मल्लिकार्जुन. आणि त्यानं लिहिलेलं चालतं का नाही, हे शंभर वाटांनी तपासून बघणारी विजयश्री. टेस्टिंग म्हणतात त्याला. सुनेनं केलेल्या भाकरीत खडा शोधणाऱ्या सासूचं काम, असं मल्लिकार्जुन म्हणायचा.

कामावर घेताना सरांनी तिची डिग्री आणि सगळी मार्क्सकार्डं, अस्सल, आपल्या कपाटात ठेवून घेतली होती. "दोन वर्षं सोडून जायचं न्हाई, एवढंच री अम्मा. पेपर कुठं पळून जायलेत?" पेपर पळाले नाहीत. पळता येईना ते विजयश्रीला.

मागच्या दिवाळीत तिच्या आईला, राजूबाईला, अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं निम्मं गेलं. घरात आप्पाराव एकटे. दोन घास स्वतः खायचे आणि चार तिला भरवायचे. विजयश्रीनं बीदरच्या एका पॉलिटेक्निकमध्ये शिकवायच्या जागेला अर्ज टाकला, आणि देवाची करणी, यादीत नाव लागलं! सकाळी मेहकरहून बसनं जायचं, दिवेलागणीला आईपाशी. अट एकच: सोमवारी दहा वाजता अस्सल कागद घेऊन हजर व्हायचं. नाही झालं तर यादीतल्या पुढच्या माणसाला जागा.

तिनं सरांना विचारलं. सर म्हणाले, "जा की. मी अडवणारा माणूस हाय का? हे लॉगिनचं काम शनिवारी गिऱ्हाइकाकडं जाऊ दे. ते पास झाल्याच्या कागदावर तुझी सही झाली की तुझे पेपर तुझ्या हातात."

आता हे लॉगिनचं काम काय, ते समजून घ्या. एका दवाखान्याची अकरा गावांत केंद्रं होती, त्यातलं एक बसवकल्याणकडं मंठाळला. प्रत्येक केंद्रात एक कॉम्प्युटर. बाईनं तपासणी करून यायची आणि रिपोर्ट केंद्रावर आपल्या नावानं उघडून बघायचा. त्यासाठी मल्लिकार्जुननं एक लायब्ररी लिहिली होती. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. तयार कोडचा एक गठ्ठा, जो त्या केंद्राच्या कॉम्प्युटरवर बसून दारवानाचं काम करणार. बाईनं आपलं नाव आणि पासवर्ड लांबच्या सर्व्हरला सांगायचा. सर्व्हरनं ओळख पटवून टोकन द्यायचं. त्या टोकनावर तीन गोष्टी: ही कोण, हिनं काय बघायचं, आणि किती वाजेपर्यंत. वेळ अर्ध्या तासाची. ते टोकन वाचून दार उघडायचं का नाही, हे दारवानानं ठरवायचं. इतकं सोपं आणि इतकं नाजूक.

टेस्टिंगसाठी खोटी माणसं लागतात. इतर लोक 'यूजर वन, यूजर टू' लिहितात. विजयश्रीनं आपली गल्लीच आणून बसवली होती. बाणूबाई, सिद्धव्वा, यल्लम्मा. मल्लिकार्जुन हसायचा, "काय गं विजू, आज सिद्धव्वा पासवर्ड विसरली का?"

"विसरली की. तीनदा चुकली. तुमच्या दारवानानं हाकलून दिलं तिला."

"मग पास का?"

"पास. पण अण्णा, चौथ्यांदा यल्लम्माच्या नावानं आली तर?"

"अगं बाई, तू माणूस हायीस का शकुनीमामा!"

असे दिवस हसत चालले होते. पण खडा पडला होता, आणि तो तिनंच टाकला होता.

झालं होतं असं. उन्हाळ्यात वीज दिवसातून चार-चारदा जायची. ऑफिसातले कॉम्प्युटर जुने, त्यांच्या आतल्या घड्याळाचे सेल मेलेले. वीज जाऊन आली की कॉम्प्युटर म्हणायचा, आज एक जानेवारी दोन हजार दोन. सर्व्हरकडनं टोकन यायचं दोन हजार बाराचं. दारवान बघायचा आणि म्हणायचा, हे टोकन अजून जन्माला यायचंय, चला मागं. विजयश्रीच्या चौऱ्याऐंशी टेस्ट एकदम लाल, म्हणजे नापास. घड्याळ हातानं लावावं, पुन्हा सुरू करावं, की पुन्हा वीज जावी. मे महिन्यातल्या एका दुपारी वैतागून ती म्हणाली होती, "अण्णा, तेवढं वेळ बघायचं बंद करा की हो. संध्याकाळपुरतं."

मल्लिकार्जुननं बंद केलं. तिनं रजिस्टरात लिहिलंसुद्धा: 'वेळेची तपासणी तात्पुरती बंद, विजयश्रीच्या सांगण्यावरून.' वेळेची टेस्ट तिनं बाजूला काढून ठेवली. पुढच्या आठवड्यात नवे सेल आले, घड्याळं सरळ झाली, सगळं हिरवं दिसायला लागलं. हिरव्या शेतात कोण तण शोधतं? ती संध्याकाळ काही आलीच नाही.

श्रावणातल्या त्या गुरुवारी विजयश्री बाणूबाईच्या नावानं आत शिरली, तशीच उठून जेवायला गेली. शरणबसप्पाच्या देवळात हात जोडून यायला दोन तास लागले. परत येऊन तिनं सहज एक कळ दाबली. बाणूबाईचा रिपोर्ट समोर उभा.

ती थबकली. अर्ध्या तासाचं टोकन होतं. तिनं कालचं टोकन शोधून लावलं. उघडलं. गेल्या महिन्यातलं लावलं. उघडलं. मे महिन्यातलं लावलं. तेही उघडलं, घरच्या माणसासारखं.

"अण्णा," ती म्हणाली, "इकडं या." तिचा आवाज ऐकून मल्लिकार्जुन चहाचा पेला हातात घेऊनच आला.

त्यानं बघितलं आणि पेला ठेवला. "अरे देवा. ते चालू करायचं राहिलंच की."

"करा चालू."

केलं. एका ओळीचं काम. मग ते चाचणीपुरतं मंठाळच्या केंद्रावर पाठवून फोन लावला आणि तिथं काम करणाऱ्या बाईंना लॉगिन करायला सांगितलं. नाही झालं. पुन्हा नाही. कॉम्प्युटरची तारीख विचारली, तर तिकडनं उत्तर आलं, "एक जानेवारी दोन हजार दोन." केंद्राकेंद्रात तसलेच मेलेले सेल. वेळ बघितली तर दारवान कुणालाच आत सोडेना, आणि न बघितली तर एकदा आत आलेलं माणूस कधी बाहेरच जाईना.

मल्लिकार्जुन म्हणाला, "केंद्राच्या घड्याळावर भरवसाच ठेवायला नको. वेळ सर्व्हरला विचारायची. पण त्याला सगळं उकलून पुन्हा शिवावं लागंल. तीन आठवडे लागतील विजू. शिवाय तुझ्या चौऱ्याऐंशी टेस्ट पुन्हा."

तीन आठवडे. आणि सोमवार चार दिवसांवर. विजयश्री खुर्चीत बसून राहिली. खाली भांड्यांच्या दुकानात कुणीतरी पातेलं वाजवून बघत होतं, खोट आहे का म्हणून.

शुक्रवारी ती सरांकडं गेली. सरांनी ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता बरं का. त्यांनी दवाखान्याला शब्द दिला होता, आणि दिलेल्या शब्दाच्या दोरीनं तेही बांधलेलेच.

"आता जाऊ दे असंच. पुढच्या व्हर्जनमधी दुरुस्त करू," ते म्हणाले.

"सर, तुम्ही बसा इथं एकदा." तिनं त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं, त्यांच्याच नावानं लॉगिन करायला लावलं, त्यांच्या बी.पी.चा कागद उघडायला लावला, मग बाहेर पडायला लावलं. जेवणानंतर परत बोलावलं, त्यांच्यासमोर मागं जायचं बटण दाबलं. सरांचा बी.पी. पडद्यावर.

सर खो खो हसले. "एकशे साठ! घे बघून. मी काय लपवायलोय?"

"तुमचं बघून लोक म्हणतील, सर, मीठ कमी खावा. बाणूबाईचं बघून काय म्हणतील?"

"कोण बाणूबाई? तुझ्या यादीतली खोटी बाई ना ती?"

विजयश्रीनं सरांचा कागद बंद केला. बाणूबाई खोटी नव्हती. मेहकरात तिच्या घरासमोरच राहायची. तिची गर्भाची पिशवी काढली होती, आणि ते गल्लीत फक्त राजूबाईला आणि तिच्या लेकीला ठाऊक होतं. त्या महिन्यात राजूबाई 'पापड लाटायला' म्हणून तिच्याकडं जायची आणि तिची सगळी कामं उरकून यायची. बाणूबाईच्या सासूला कळलं असतं तर तिनं सुनेला घरात उभं राहू दिलं नसतं. आणि केंद्रातल्या कॉम्प्युटरवर तर दुपारी सगळं गाव यायचं, कुणी निकाल बघायला, कुणी शेताची पहाणी, म्हणजे सातबारा, काढायला. मागं जायचं बटण कुणाच्याही बोटाला लागलं असतं.

"सर, कामून घाई करायलात? तीनच आठवडे."

"आणि बंद करायला सांगितलं कुणी?" सर आता हसत नव्हते. त्यांनी रजिस्टर उघडून पुढं सरकवलं. "वाच. कुणाचं नाव हाय? तू सांगितलीस, आता तूच नापास म्हणायलीस. दवाखान्यानं विचारलं तर मी काय सांगू? बघ अम्मा, उद्या सही कर, पेपर घे, बीदरला जा. आईजवळ जा. मग इकडचं आम्ही बघतो. न्हाई केलीस तर तुझी दोन वर्षं फेब्रुवारीत भरतात. कपाट तवाच उघडंल."

बाहेर आल्यावर मल्लिकार्जुन हळूच म्हणाला, "कोड मी बंद केला. माझं नाव टाक."

"बंद करा म्हणून सांगितलं मी."

"मग नकोच कुणाचं नाव टाकू. सही कर आणि जा गं. तू गेल्यावर मी करतोच की दुरुस्त."

"कराल अण्णा. मे महिन्यात बी करणारच होता की."

मल्लिकार्जुनची मान खाली गेली. तिलाही बोलल्याचं वाईट वाटलं, पण शब्द गेला तो गेला.

शनिवारी सकाळी आप्पारावांचा फोन आला. "पोरी, सोमवारी कागद घेऊन थेट बीदरला जातीस का आधी घरी येतीस?"

"बघते अप्पा."

"आईची वेणी घालायलोय मी. तीन पेड घेतले, एक सुटतोच. ती हसायलीय मला, बघ. अर्ध्याच तोंडानं हसती, पण हसती व्हय."

विजयश्रीनं तोंडावर हात धरला. "अप्पा, आईला विचारा, बाणूमावशीकडं पापड लाटायला जायची ते आठवतं का."

तिकडं त्यांनी राजूबाईला विचारलेलं ऐकू आलं. मग आप्पाराव म्हणाले, "मान हलवायलीय. आणि डोळे मोठे करायलीय. बोटानं गप म्हणायलीय मला. कामून गं? काय होतं ते पापडाचं?"

"काई न्हाई अप्पा. तिनं सांगितलं नसंल तर मी बी न्हाई सांगत."

दुपारी कागद तिच्यासमोर आला. छापील, खाली सहीची जागा, वर एक चौकोन. सर समोर बसलेले, कपाटाची किल्ली टेबलावर. दाखवायला ठेवली होती का विसरून, देवाला ठाऊक. विजयश्रीनं किल्लीकडं बघितलं. ते कपाट चार हातांवर होतं आणि मेहकर त्याच्या पलीकडं. तिनं डोळे मिटून मल्लय्या देवाचं नाव घेतलं. आतून काही आकाशवाणी झाली नाही. कुणालाच होत नाही, बाबांनो. आपणच लिहायचं असतं.

तिनं चौकोनात लिहिलं, 'नापास'. खाली कारण लिहिलं: 'टोकनाची वेळ तपासली जात नाही. जुनं टोकन कधीही चालतं. दुसऱ्या माणसाचा रिपोर्ट उघडतो. ही तपासणी माझ्या सांगण्यावरून बंद झाली होती.' आणि पूर्ण नावानं सही केली. विजयश्री आप्पाराव, मेहकर.

सरांनी कागद वाचला. ओरडले नाहीत. "शानी हायीस," एवढंच म्हणाले, आणि किल्ली खिशात टाकली.

सोमवारी दहा वाजता बीदरला यादीतल्या पुढच्या नावाला बोलावणं गेलं. त्या वेळी विजयश्री गुलबर्ग्याला त्याच खुर्चीत बसलेली होती. मल्लिकार्जुन खाली मान घालून उकलत होता, शिवत होता. तिच्या चौऱ्याऐंशीच्या एकशे बारा टेस्ट झाल्या. तीन आठवड्यांचे पाच झाले. दवाखान्याचे लोक सरांना लागेल तसं बोलले, सर तिला बोलले. फेब्रुवारीपर्यंत तिनं मेहकर फक्त रविवारी बघितलं, सकाळच्या गाडीनं जाऊन दुपारच्या गाडीनं परत. इकडं ऑफिसच्या खिडकीच्या गजांमधून तेवढंच आभाळ, तेवढीच गल्ली, तेवढीच भांडी. कपाटासमोरून पाणी प्यायला जाताना ती त्या बाजूला बघायची नाही.

पण पाच आठवड्यांनी मंठाळच्या केंद्रावर दारवान बसला, आणि केंद्राचं घड्याळ काहीही सांगो, अर्ध्या तासानं तो उठून दार लावायला लागला. पहिल्याच दिवशी तिथल्या बाईंचा फोन आला, चिडून. "ओ मॅडम, चहा पिऊन आले तर बाहेर काढलंय मला! पुन्हा पासवर्ड मागायलाय! हे काय तरास लावलाय?"

"व्हय ताई," विजयश्री म्हणाली. "तसंच हाय ते."

तर आयांनो, बाबांनो, हात जोडून एवढंच मागणं. कधी तुम्ही कॉम्प्युटरसमोर बसाल, मध्येच उठाल, आणि परत आल्यावर पडदा म्हणेल, तुमची वेळ संपली, पुन्हा लॉगिन करा. तुम्हाला राग येईल, येऊ द्या. पण शिवी देण्याआधी एक घडीभर मेहकरच्या त्या विजयश्रीची आठवण करा.