रस्त्याकडची खिडकी

"काका, काय हरवलं?"

"उंची हरवलीय माझी. सापडली तर सांगा," जमिनीवर गुडघे टेकून बसलेले ड्राफ्ट्समन काका म्हणाले आणि त्यांनी भिंतीवर, डोळ्यांच्या रेषेत, पेन्सिलीने खूण केली. ऑफिसातल्या मुली हसल्या. आठ वर्षांच्या मुलाला खोलीतून काय दिसतं, हे बघायची काकांची ही रीत होती.

सगळं ऑफिस कधीच संगणकावर गेलं होतं. काका मात्र अजून ट्रेसिंग पेपरवर शाईने नकाशे काढत आणि चुकलं तर ब्लेडच्या पात्याने रेघ खरवडत. निवृत्तीला चार महिने उरले होते, म्हणून आर्किटेक्ट मॅडमही त्यांच्या वाटेला जात नसत.

शाळा सुटल्यावर आईबाप येईपर्यंत मुलांनी जिथे थांबायचं, अशा केंद्राची ही इमारत होती. मातीच्या विटा, पावसाचं पाणी साठवायला टाकी, दिवसा दिवा लावावा लागू नये इतका उजेड, हे सगळं मॅडमनी ठरवलं होतं. काकांनी पदरचं एकच घातलं होतं: रस्त्याकडच्या भिंतीत, जमिनीपासून दीड फुटावर सुरू होणारी लांबलचक खिडकी. पश्चिमेचं ऊन येऊन खोली तापेल, असं मॅडम म्हणाल्या. काकांनी वर रुंद छज्जा काढला, बाहेर झाडांची रांग काढली, कुठल्या महिन्यात ऊन कुठवर येतं त्याची बारा चित्रं काढली. शेवटी मॅडमनी हात टेकले.

त्या खिडकीत काकांचा जीव अडकला होता. बावीस वर्षांपूर्वी त्यांची मुलगी अशाच एका केंद्रात थांबायची. बायको लवकर गेलेली, घरात बापलेक दोघंच. तिथल्या खिडक्या मोठ्या माणसाच्या छातीला लागतील इतक्या उंच. "बाबा, तू येतोयस का ते मला दिसतच नाही," ती कुरकुरायची. "मी तुला खाली खिडकी करून देईन," काकांनी शब्द दिला होता. आठव्या वर्षी ती तीन दिवसांच्या तापात गेली. खिडकी राहूनच गेली.

आज केंद्राच्या बाई नकाशा बघायला आल्या होत्या. तीस वर्षं दुसऱ्यांची मुलं सांभाळून त्यांचा आवाज कायमचा बसला होता. बुटकी बेसिनं, गोल केलेले कोपरे, सगळं त्यांना पसंत पडलं. मग त्यांचं बोट खिडकीवर येऊन थांबलं.

"ही नको."

"उन्हाचं म्हणाल तर बाई..."

"ऊन राहू द्या हो. ही खिडकी दिलीत ना, की पाचपासून सगळी पोरं काचेला नाक लावून बसणार. एकेकाची आई येणार, एकेक उठून जाणार. ज्याचं कुणी येत नाही, तो शेवटी एकटाच रस्ता बघत बसतो. खेळायला बोलावलं तरी हलत नाही. मी बघितलंय."

"पण दिसायला नको त्यांना?" काकांचा आवाज चढला. "माझी मुलगी म्हणायची, काहीच दिसत नाही. जीव टांगणीला लागतो हो त्यांचा!"

"लागतो ना. पहिले काही महिने लागतो. मग वाट बघणं सोडून देतात. बाप दारात येऊन उभा राहिला तरी 'थांब, एवढं संपवते' म्हणतात. पोर असं म्हणायला लागलं, की समजायचं, रुळलं एकदाचं."

काकांना पुढचं ऐकू आलं नाही. त्या शेवटच्या वर्षात एका संध्याकाळी ते धापा टाकत दारात पोचले होते. साडेसात वाजून गेलेले. ती ठोकळे रचत होती. मान वर न करता म्हणाली होती, "थांब बाबा, एवढं संपवते." पोरगी शहाणी झाली, असं वाटून त्यांना केवढं कौतुक वाटलं होतं! ऑफिसात चार जणांना सांगितलंही. आणि दुसऱ्या दिवसापासून ते निर्धास्तपणे आणखी उशिरा निघायला लागले होते.

"खालची खिडकी अंगणाकडे द्या," बाई म्हणाल्या. "तिथे माती आहे, झाड आहे. वाट बघण्यापेक्षा ते बरं."

काकांनी पातं उचललं. वाळलेली शाई ते हलक्या हाताने खरवडू लागले. डोळे भरून आले होते, पण थेंब पडला तर कागद खराब होईल म्हणून त्यांनी मान मागे घेतली.

बाई ओशाळल्या. "केवढी आहे तुमची मुलगी?"

"आठ वर्षांची."

बाईंनी त्यांच्या पांढऱ्याशुभ्र केसांकडे पाहिलं आणि तोंडाशी आलेलं गिळून टाकलं. मग म्हणाल्या, "उद्घाटनाला या तुम्ही. संध्याकाळी साडेपाचला ठेवू, पोरं असतात तेव्हा."

"येतो," काका म्हणाले. "वेळेवर येतो."

त्यांनी कागदावरची भुकटी फुंकून टाकली, पट्टी लावली आणि रस्त्याकडच्या भिंतीची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात ओढली.