शिवेवरचा वीरगळ

इतिहास परिषदेच्या संपादकांचं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, पाकीट चुकून माझ्याकडे आलं. पण नाव माझंच होतं. माझा निबंध त्यांनी अहवालात छापायला घेतला होता. अंतिम प्रत कागदाच्या एकाच बाजूला सुवाच्य लिहून, सोबत शिलालेखाचा स्वच्छ ठसा जोडून, वीस तारखेच्या आत पाठवायची होती. साल एकोणीसशे अठ्ठावन्न. शाळेतून निवृत्त झाल्यावर सहा वर्षं मी त्याच एका दगडामागे होतो.

भरे गावाच्या शिवेवर तो वीरगळ उभा आहे. लढताना पडलेल्या कुणा माणसाची आठवण, आणि खाली दोन ओळींचा लेख. माझं म्हणणं असं, की माणूस पडला तिथेच दगड उभा राहिला; म्हणजे सातशे वर्षांपूर्वीही गावाची शीव इथेच होती. बारा पानांपैकी नऊ पानं मी याच्यावर खर्च केली होती.

अठरा तारखेला सकाळी मी ठसा घ्यायला गेलो. दगड धुतला, ओला कागद चिकटवला आणि ब्रशने ठोकू लागलो. शिवेलगतच्या वस्तीतली धोंडाबाई गवताचा भारा घेऊन चालली होती. ती थांबली.

"काय मास्तर, आज आमच्या बाबाला आंघूळ?"

"तुमच्या?"

"मंग कुणाच्या? माज्या सासऱ्यानं गाडीत घालून आणलाय त्याला. धरणाचं पाणी गावात शिरलं तवा."

ब्रश हातातच राहिला. "कुठून आणला?"

"जांभूळटेपावनं. आमचं गाव. बुडालं न्हाई का!"

"पण मग... बरोबर शिवेवरच कसा?"

"गावात ठिवू दिला न्हाई कुणी. म्हनले, तुमचं देव तुमच्यापाशी. आमी शिवंवर, म्हनून त्यो बी शिवंवर."

गावात मी पाटलांना विचारलं होतं, "हा इथे केव्हापासून?" ते म्हणाले होते, "पहिल्यापासून." तेवढं मला पुरलं होतं. वस्तीवर जाऊन बायामाणसांशी बोलायची मला भीड वाटायची.

"तुम्ही कधी सांगितलं नाहीत," मी म्हणालो.

"तुमी कदी इचारलं? सा वर्सं दोरी लावून मोजताय. म्या म्हनलं, येवढी बुकं वाचलेला मानूस, त्याला ठावं असंल." ती हसली. "टेपाचं नाव हाय का तुमच्या लिवन्यात?"

"नाही."

"न्हाई? मंग येवढं लिवलं तरी काय?"

कागद वाळत आला होता. संपादक भऱ्याला कधी येणार नव्हते. पाटील कबूल करणार नव्हते. नऊ पानं तशीच गेली असती तर छापलीही असती, आणि माझं नाव एकदा तरी अहवालात आलं असतं. हे सगळं क्षणात मनात आलं, आणि ते आलं याचाच मला धक्का बसला.

"बाई," मी म्हणालो, "टेपावर हा कुठे उभा होता?"

तिने भारा खाली टाकला आणि काडीने मातीत ओढा काढला, वाट काढली, पाणवठा काढला. पाणवठ्याच्या वर बोट टेकवून म्हणाली, "हितं. आन् तोंड उगवतीला."

घरी येऊन मी नऊ पानं बाजूला काढली. उरलेल्या तीन पानांना एक नवीन जोडलं: मूळ ठिकाण जांभूळटेप, माहिती देणाऱ्या धोंडाबाई. वर पत्र लिहिलं, की आपण स्वीकारलेला निष्कर्ष चुकीचा आहे. एवढंच छापण्याजोगं वाटलं तर छापावं, नाहीतर परत पाठवावं.

दुसऱ्या दिवशी पौडच्या टपालात पाकीट टाकलं. अजून उत्तर आलेलं नाही.