तोकड्या मानेचा मोर

गोपद्माचा दुसरा खूर काढता काढता वसुधाची चिमूट हवेतच थांबली. बोटांतून रांगोळीची बारीक धार गेरूवर सांडत राहिली आणि खुराच्या टोकाशी एक पांढरा ठिपका नको तितका मोठा झाला.

आज घरी गोपद्मं काढलेली नव्हती.

पार्ल्याच्या त्या शाळेच्या सभागृहात बायका ओणव्या होऊन रांगोळ्या भरत होत्या. डावीकडच्या दोघींनी आणि समोरच्या एकीने संयुक्त महाराष्ट्राचा नकाशा काढायला घेतला होता, आणि तिघींची मुंबई तीन ठिकाणी पडली होती. एरवी वसुधाला हसू आलं असतं. आता तिच्या कानशिलांवर घाम फुटला.

सकाळी आंघोळ करून ती ओलेत्यानेच तुळशीपुढे येणार होती. पण रंग चाळून घ्यायचे राहिले होते. मग दूध तापलं, मग श्यामकांतांचा डबा, आणि तेवढ्यात फाटकाशी मृणालिनीची हाक, "वसुधे, चल गं, जागा वाटून टाकतील!" वसुधाने फळीवरचा शिरगोळ्याच्या रांगोळीचा अख्खा डबा पिशवीत टाकला आणि निघाली. देवाला नमस्कार केला होता. तेवढं आठवत होतं.

चातुर्मास धरल्यापासून तिची तेहतीस गोपद्मं कधी चुकली नव्हती. हे पाचवं वर्ष, शेवटचं. कार्तिकात उद्यापन.

"हात का थांबला गं?" मृणालिनी महिला मंडळाची चिटणीस. छातीला रिबिनीचं फूल लावून ती ओळींमधून फिरत होती. "घंटा व्हायला आली. किनार तरी पुरी कर."

"करते."

वसुधाने किनारीकडे पाहिलं. कमळवेल काढायची ठरली होती. पण मनात आलं, गोपद्मंच काढली तर? इथेच, चारही बाजूंनी. रांगोळी तीच, हात तोच. देव काय फक्त अंधेरीच्या घरीच असतो? आणि ती काढत सुटली, ओठ हलवत, मोजत. तेहतिसावं कोपऱ्यात बरोबर बसलं तेव्हा घंटा झाली.

पहिलं बक्षीस तिलाच मिळालं. परीक्षक बाई कुठल्याशा कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्या किनारीजवळ बराच वेळ वाकून उभ्या राहिल्या आणि भाषणात म्हणाल्या, "आपल्या व्रतांमधल्या आकृतीचा इतका सुरेख उपयोग मी आजवर पाहिला नव्हता." टाळ्या पडल्या. वसुधाच्या हातात चांदीचा कुंकवाचा करंडा आला. तिने तो लगेच पिशवीत घातला, जणू कोणी परत मागून घेईल.

निघताना तिने वळून पाहिलं. शाळेचा गडी एका टोकाने झाडू मारत येत होता. नकाशे गेले, कमळं गेली. मग तिच्या किनारीवरून झाडू फिरला. घरी गोपद्मांना ती कधी केरसुणी लावत नसे. हाताने टिपून, पाणी शिंपडून ती जागा सारवत असे. ती पटकन बाहेर आली.

"तोंड का असं?" मृणालिनी म्हणाली. "पहिली आलीस बये! आमच्यासारखं उत्तेजनार्थ मिळालं असतं तर काय केलं असतंस? पुढच्या महिन्यात घाटकोपरला आहे, मोठी आहे. नाव घालू ना?"

"सांगते मग."

"सांगते काय? तुझ्याशिवाय मंडळाला आहे कोण?"

वाटभर वसुधा स्वतःशी वाद घालत राहिली. काढली तर होती. मोजून काढली होती. पण मोजताना आपण देवाचं नाव घेत होतो की कोपऱ्याचा हिशेब करत होतो, हे तिला कोणी विचारलं असतं तर खोटं बोलता आलं नसतं.

घरी पोचली तेव्हा उन्हं कलली होती. बंगलीच्या मागच्या दोन खोल्या त्यांच्या, आणि त्यामागे हातभर अंगण. चपला काढून ती तशीच मागच्या दारी गेली.

तुळशीपुढे गोपद्मं होती.

जमीन सारवलेली, वर ओळींनी काढलेली लहान लहान पावलं. रांगोळीची नव्हती, तांदळाच्या पिठाची होती. मुंग्यांची एक रांग कडेचं एक पाऊल कणाकणाने घेऊन चालली होती. वसुधाने मोजायचं नाही म्हणत मोजली. तेहतीस.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी वन्सं तांदूळ निवडत बसल्या होत्या. श्यामकांतांची ही थोरली बहीण. नाव सुलक्षणा, पण अठराव्या वर्षी कपाळ पुसून माहेरी परत आल्यापासून त्या नावाने त्यांना कोणी हाक मारल्याचं वसुधाने ऐकलं नव्हतं. रांगोळीला हात लावू नका असं त्यांना कोणी सांगितलंही नव्हतं. सासूबाईंनी रांगोळीचा डबा फक्त वरच्या फळीवर नेऊन ठेवला होता. सासूबाई गेल्या, डबा तिथेच राहिला. वसुधाचा हात पुरत होता. वन्संचा पुरत नसे.

"वन्सं, गोपद्मं कोणी काढली?"

"तूच काढली असशील सकाळी." त्यांनी खडा उचलून बाजूला टाकला.

"मी पिठाची कशी काढेन?"

"मग काय करणार, डबा तर तू घेऊन..." त्या थांबल्या. ताटातले तांदूळ त्यांनी उगाचच पसरले, पुन्हा गोळा केले. नखांच्या कडांना पीठ तसंच होतं.

"वन्सं..."

"व्रत तुझं आहे, वसुधा. मी नुसतं पीठ सांडलं. हळदकुंकू नाही वाहिलं, ते तू वाहा. माझ्या हातचं चालणार नाही वाटलं तर पुसून दुसरी काढ. दिवस मावळायला अजून वेळ आहे."

हे त्यांनी इतक्या साध्या आवाजात सांगितलं, की जणू आमटीत मीठ कमी असेल तर घाल म्हणत होत्या.

वसुधाने पाय धुतले. घरातलीच हळदकुंकवाची जुनी कुयरी आणली आणि एकेका पावलावर हळद वाहिली, कुंकू वाहिलं. पुसलं काहीच नाही. करंडा पिशवीतच राहिला. काही मिळालं की ती आधी वन्संना दाखवी. मागच्या वेळी थर्मास मिळाला तेव्हा तो वन्संच्याच उशाशी ठेवला होता, रात्री खोकला येतो म्हणून. हा करंडा कसा दाखवायचा?

नमस्कार करून ती उठली. "मी स्पर्धा सोडल्या, वन्सं. तुळशीपुढे सांगते. घर तुमच्या गळ्यात टाकून मी हिंडत राहिले. हौसेपायी देवाचंसुद्धा विसरले."

वन्संची बोटं तांदळात थांबली.

"तुझी मर्जी," त्या म्हणाल्या आणि ताट उचलून आत गेल्या.

श्यामकांतांनी रात्री पानावर बसताना विचारलं, "काय, आज साबणदाणी की थर्मास?" वसुधा म्हणाली, "काही नाही." वन्संनी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गोपद्मं काढत असताना पर्पेच्युआ आली. मागच्या गावठाणातली ही बाई आपल्या वाडीतली भाजी आणि केळीची पानं घेऊन घरोघर फिरे. टोपली उतरवून ती कमरेवर हात ठेवून पाहत राहिली.

"आज तुम्ही काढताव वाटतं, बाय? मोठ्या बाय कुठं?"

"मीच तर काढते रोज."

"ही बारकी पावलं तुम्ही काढताव, ती ठावकी हाय. मी ते मोराचं बोलते." तिने पानं सोडवत मान हलवली. "तुम्ही शर्यतीला गेलाव का मोठ्या बाय काढतात. मोर काय, वेल काय, एकदा तर आमच्या चर्चच्या खिडकीवानी काढलं. पीठ घेऊन. मी आले का पुसायला लागतात. मी बोलते, अगं कशाला पुसतेस, ऱ्हाऊ दे ना! तर नुसत्या हसतात. काल हीच पावलं काढली त्यांनी. काल बरं पुसलं नाय."

वसुधाच्या हातातली रांगोळी घामाने ओली झाली.

"परत कधी हाय तुमची शर्यत?" पर्पेच्युआने विचारलं.

आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला होता.

"आहे," वसुधा म्हणाली. "लवकरच आहे."

पुढचे काही दिवस ती आपल्या नेमात चुकली नाही. पहाटे उठावं, गोपद्मं काढावी, पोथी वाचावी. पण पोथी वाचताना कानाला एकच वाक्य लागून राही: काल बरं पुसलं नाय. वन्संनी स्वतःचं झाकलेलं उघडं करून दिलं होतं, आपलं व्रत राखायला. आणि आपण त्याच्या बदल्यात काय दिलं, तर तुळशीपुढे उभं राहून त्यांचे तेवढे दिवसही काढून घेतले. घरात ती असेपर्यंत वन्सं पिठाला हात लावणार नव्हत्या. बोलून ते होण्यासारखं नव्हतं. बोलली असती तर त्यांनी पुन्हा "मी कशाला" म्हटलं असतं, आणि मग कायमचंच.

सोमवारी गोपद्मं पुरी करून, हळदकुंकू वाहून तिने बाहेरचं लुगडं नेसलं.

"पार्ल्याला जाऊन येते, वन्सं. स्पर्धेचं काम आहे. उशीर होईल."

"सोडलंस ना?"

"एवढी एक राहिलीय."

श्रावणी सोमवारी, उपास धरून, ती खोटं बोलली. निघण्यापूर्वी तिने रांगोळीचा डबा वरच्या फळीवरून काढला, झाकणावर सांडलेली रांगोळी पदराने पुसली आणि खाली, पिठाच्या डब्याशेजारी ठेवला. रंगांच्या पुड्याही तिथेच ठेवल्या. वन्सं पाठमोऱ्या होत्या.

पार्ल्याला तिचं काही काम नव्हतं. शंकराच्या देवळात ती खांबाला टेकून बसली. येणाऱ्याजाणाऱ्यांनी ओळखू नये म्हणून डोळे मिटून जप करत राहिली. जप मोडत होता. पिंडीसमोर तिने एकदाच मनात म्हटलं, हे खोटं माझ्याच नावावर असू दे.

परतल्यावर तिने फाटकाची कडी मुद्दाम जोरात वाजवली. खोकली. चपला काढायला, पिशवी ठेवायला, पाय धुवायला शक्य तितका वेळ लावला. पुसायचं असेल तर पुसून होऊ दे. मग मागच्या दारी गेली.

जमीन कोरडी होती. तिच्या सकाळच्या गोपद्मांना जराही न दुखवता, त्यांच्या बाजूला एक मोर बसला होता. पिसारा हिरव्या-निळ्या रंगांनी काठोकाठ भरलेला. रांगोळी शिरगोळ्याची होती.

वन्सं उंबऱ्याशी वाती वळत होत्या.

"मृणालिनी येऊन गेली," त्या म्हणाल्या. "तुलाच शोधत होती. आज पार्ल्याला काहीच नाही म्हणाली."

वसुधा पायरीवर बसली.

"मागच्या दारानेच आली, मग हे दिसायचंच. म्हणाली, वसुधा बक्षीस मिळालं तरी घरी केवढा सराव करते! मी काही बोलले नाही." वन्संनी वात तळहातावर लांबवली. "म्हणाली, मान मात्र तोकडी झालीय मोराची. घाटकोपरला नीट काढ म्हणावं."

"घाटकोपरला?"

"तुझं नाव घालायला सांगितलं मी तिला." त्यांनी पहिल्यांदाच वर पाहिलं. डोळ्यांत हसू होतं की आणखी काही, ते ओळखू येत नव्हतं. "पण सकाळची पावलं काढल्याशिवाय जायचं नाही हं. ती मी एकदाच काढली."

वसुधाने मान हलवली. मग ती मोराजवळ वाकली. रांगोळीचा डबा हाताशीच होता. मान खरंच तोकडी झाली होती. दोन ठिपके सोडून वळण घेतलं असतं तर बसली असती.

तिने डब्याला झाकण लावलं आणि मान तशीच राहू दिली.