दांडा कापलेली सायकल

छप्पन साल, संयुक्त महाराष्ट्रासाठी पुकारलेल्या हरताळाची सकाळ. फणसवाडीतल्या आपल्या घरात कमलाकांत लोखंड कापायची करवत घेऊन बापाच्या सायकलीसमोर उभा राहिला.

लीला त्याची बायको. प्रसूतिगृहात नर्स होती. पंधरा मिनिटांपूर्वीच तळमजल्यावरच्या डॉक्टरांकडे फोन आला होता. प्रभादेवीला तिच्या धाकट्या बहिणीला, वासंतीला, कळा सुरू झाल्या होत्या. मूल पायाळू, आणि सुईण हातपाय गाळून बसलेली. पायाळू मुलं लीलाने आपल्या हातांनी सोडवली होती, पण आधी तिथे पोचायला तर हवं! ट्राम बंद, बस बंद, गाड्या बंद, टॅक्सी औषधालाही नाही. सायकलवाल्यांची दुकानंसुद्धा बंद. चालत जायचं तर दोन तास.

घरात सायकल होती ती अप्पांची, म्हणजे सासऱ्यांची. पण जेन्ट्स. हॅण्डलपासून सीटपर्यंत आडवा दांडा. लीला नर्सिंग शिकताना सायकल शिकली, ती लेडीज. पाचवारी साडीत त्या दांड्यावरून पाय टाकायचा कसा?

"अहो, आईंचं नऊवारी लुगडं कपाटात आहे ना? कासोटा घालते नि ही निघाले," ती म्हणाली.

"गावंढळासारखी? पोटऱ्या उघड्या टाकून, अख्ख्या गिरगावातून?" कमलाकांत म्हणाला. "शिकलेली बाई तू. दांडा उडवतो, की झाली लेडीज सायकल!"

आता हा माणूस कोण? कारकून. जन्मात सायकलवर बसलेला नाही. लहानपणी एकदा आपटला, तेव्हापासून दुरून नमस्कार. पण अक्कल पाजळायला काय जातं!

आतून अप्पा ओरडले. गुडघे धरलेत म्हणून उठता येईना, पण आवाज खणखणीत. "अरे शहाण्या, लेडीज सायकल म्हणजे दांडा नसलेली जेन्ट्स सायकल नव्हे! तिच्यात दोन नळ्या तिरक्या खाली उतरतात, त्या भार वाटून घेतात. आपल्या सायकलीत वरचा दांडाच सगळं धरून ठेवतो. तो काढलास तर उरेल काय? घडीची खुर्ची!"

"अप्पा, सायकलवर तुमचा जीव आहे, म्हणून बोलताय," कमलाकांत म्हणाला, आणि त्याने करवत चालवली.

अर्धा तास! एक टोक कापलं, मग दुसरं. तेवढा वेळ लीला दाराशी येरझाऱ्या घालत होती. दोनदा वाटलं, सरळ कपाट उघडावं. नवऱ्याचा शब्द मोडायची सवय नव्हती, म्हणून थांबली. त्या थांबण्याचा तिला नंतर फार राग आला.

सायकल निघाली खरी. ताडदेव गेलं, हाजीअली गेलं. नाक्यानाक्यावर "झालाच पाहिजे!"च्या घोषणा चालल्या होत्या. बाळंतपण म्हटलं की पोरं वाट सोडत होती. पण खड्डा आला की सायकल कंबर मोडल्यासारखी वाकायची. वरळी नाक्याच्या अलीकडे कडाडकन आवाज झाला. खालची नळी तुटली, पुढचं चाक पायडलला येऊन भिडलं आणि लीला रस्त्यावर आडवी. कोपर सोलवटलं. ती तशीच बसून रडायला लागली. दुखतंय म्हणून नाही, वासंती तिकडे ओरडत असेल म्हणून.

"अगो बाय, काय झायलं?" बाजार बंद म्हणून रिकामी पाटी घेऊन बसलेली एक कोळीण धावत आली. मंजुळा तिचं नाव. लीलाने हुंदके देत सगळं सांगितलं. मंजुळाने मोडक्या सायकलीकडे पाहिलं, मग लीलाच्या साडीकडे.

"दांडा कशाला कापलाव गो? साडी वर घ्यायची!"

तिने लीलाला उभी केली, निऱ्या पायांमधून मागे ओढल्या आणि कमरेत घट्ट खोचल्या. साडी गुडघ्यापर्यंत आली. मग भिंतीला टेकलेली आपल्या नवऱ्याची सायकल पुढे केली. तिला तर एक सोडून दोन दांडे, माशांचा भार वाहायला! लीलाने पाय पलीकडे टाकला आणि सुसाट सुटली. लोक बघत होते. बघू देत मेले!

प्रभादेवीला पोचली तेव्हा मूल अर्धं बाहेर, डोकं अडकलेलं, वासंती पांढरीफटक. लीलाने हात धुतले. बाळाचं अंग एका हातावर पेललं, हनुवटी छातीशी आणली आणि डोकं हळूच सोडवलं. मुलगी निळी पडली होती. चापट्या मारल्या, तोंडात फुंकर घातली, तेव्हा कुठे ती रडली. त्यानंतर लीला ओटीवर येऊन बसली.

दुपारी कमलाकांत चालत आला. घामाघूम, पायांना फोड. दोघी सुखरूप असल्याचं कळलं तसं त्याने हुश्श केलं. मग बायकोच्या उघड्या पोटऱ्यांकडे नजर गेली. तो म्हणाला, "बघ, पोचलीस ना शेवटी!"

लीलाने मान वर केली.

"पोचले. तुमच्यामुळे नाही. तुम्ही असूनही पोचले. आणखी पाच मिनिटं लागली असती ना, तर आत दोन मढी असती, आणि मी तुम्हाला सात जन्मांत क्षमा केली नसती."

असं त्यांच्या घरात कुणा बायकोने नवऱ्याला ऐकवलं नव्हतं. कमलाकांतने वहाणा काढल्या. तो खाली पायरीवर बसला. आतून वासंतीने हाक मारली, तशी लीला उठली आणि कासोटा न सोडता आत गेली.