चौथा लेमा

अरुणा मॅडमनी तिसऱ्यांदा खडू उचलला आणि तिसऱ्यांदा त्यांचा हात त्याच ओळीपाशी अडला. त्या ओळीत त्यांनी दोन्ही बाजूंना एका राशीनं भागलं होतं, आणि ती राशी शून्य असू शकत होती. सत्तावीस वर्षांपूर्वी, शोधनिबंध लिहिताना, हे त्यांना दिसलं नव्हतं. आज सकाळी कृष्णातचा प्रबंध शेवटचा चाळताना दिसलं.

शून्यानं भागायचं नाही, हे जयसिंगपूरच्या शाळेत त्या सहावीतच शिकल्या होत्या.

अकरा वाजता कृष्णातची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा होती. लेमा म्हणजे मोठ्या प्रमेयाखाली बसवायचा लहान दगड. मॅडम आपला हा चौथा लेमा प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी देत आल्या होत्या. परीक्षकांनी नेमकं इथं बोट ठेवलं, तर पोराची सहा वर्षं मातीत जाणार होती.

विभागातल्या शिपाई शालूबाई चहा घेऊन आल्या.

"मॅडम, परीक्षा कृष्णातची हाय न्हवं? घाम तुमाला फुटलाय की."

मॅडमनी घाईघाईनं फळा पुसला.

कृष्णात दारात उभा होता. त्याला आत्ताच सांगावं, म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण निघालं भलतंच.

"तीन-तीन परिशिष्टं कशाला जोडलीस रे? तुझ्याआधी वर्षाराणीची, ऋतुराजची हीच खोड."

"असू देत, मॅडम," तो म्हणाला.

परीक्षकांना दुपारच्या आत अंबाबाईचं दर्शन घ्यायचं होतं, तरी त्यांनी प्रबंध नीट वाचलेला दिसत होता. परीक्षेच्या विसाव्या मिनिटाला त्यांनी एक पान उघडलं.

"हा चौथा लेमा. इथं हा भागाकार कसा चालतो?"

मॅडमनी खुर्चीचा हात घट्ट धरला. उठायला हवं होतं. चूक माझी आहे, एवढंच म्हणायचं होतं. त्या बसूनच राहिल्या.

"नाही चालत, सर," कृष्णात शांतपणे म्हणाला. "मी तो कुठंच वापरलेला नाही. पहिलं परिशिष्ट बघा."

तो फळ्याकडे गेला. दहा मिनिटांत त्यानं मुख्य प्रमेय दुसऱ्या वाटेनं सिद्ध केलं. परीक्षकांनी मान डोलावली.

"उत्तम. मग लेमा ठेवलात कशाला?"

कृष्णातनं खडूची बोटं पँटला पुसली.

"मॅडमचा आहे, सर."

सगळे गेल्यावर मॅडमनी त्याला थांबवलं.

"कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या वर्षापासनं. वर्षाराणीताईनं सांगितलेलं."

"काय सांगितलेलं?"

तो जरा घुटमळला.

"लेमाला मान द्यायचा. वजन टाकायचं न्हाय."

तो पेढे आणायला गेला.

त्यांनी कपाटातून वर्षाराणीचा प्रबंध काढला आणि शेवटची पानं उलटली. एक परिशिष्ट. ती लेमाला वळसा घालणारी वाट तिथंच होती, अक्षरशः तीच. नंतरच्या ऋतुराजच्या प्रबंधाला दोन होती. दुसऱ्यात आपल्या आणखी कुठल्या लेमाला वळसा घातलाय, ते त्यांनी कधी वाचलं नव्हतं.

कृष्णातचा प्रबंध त्यांनी पुढ्यात ओढला आणि त्यावर नुसता हात ठेवला. त्याला तीन होती.