सोड्याच्या बाटलीलाही खोकला

कामठीच्या त्या लॉनवर सकाळपासून इतका खोकला जमला होता की लाउडस्पीकरचीसुद्धा गरज नव्हती. कोणी ठसकत होतं, कोणी खाकरत होतं, कोणी शेजारच्याला उत्तर दिल्यासारखं खोकत होतं. नरखेडकडून लोक मोटारसायकलवर तिघं-तिघं आले होते, मनीषनगरातून एसी गाड्या आल्या होत्या. मांडवाच्या चारी कोपऱ्यांत धुपाची घमेली धुमसत होती. त्यामुळे जे नुसती गंमत पाहायला आले होते, तेही थोड्या वेळात पेशंट झाले.

"पाह्यलं?" माझ्या बाजूचे चंपतराव डोळे पुसत म्हणाले. "मले खोकला हाय हे मलेच माहीत नव्हतं गा! महाराजाच्या दारात आलो अन् आपोआप बाहेर पडला!"

स्टेजवर श्वासेश्वर महाराज. रेशमी शाल, गालापर्यंत आलेला माईक, आणि हिंदी-मराठीची अशी खिचडी की दोन्ही भाषांनी हात जोडावेत.

"तुमच्या छातीमध्ये कफासुर बैठा है! डॉक्टर त्याचा फोटो काढतो. आम्ही त्यालाच काढतो!"

काढायची रीत मोठी देखणी होती. काचेच्या पेल्यात नितळ 'अमृतजल'. त्यात पपईच्या देठाची नळी. पेशंटनं नळीतून फुंकायचं. बुडबुडे यायचे आणि बघता बघता पाणी दुधासारखं पांढरं व्हायचं. "निघाला! कफासुर निघाला!" महाराज ओरडायचे. लोक जयजयकार करायचे, जयजयकारानं ठसका लागायचा, ठसक्यानं रांग वाढायची.

मी तिथे गेलो होतो अंजनामावशीसाठी. माझी सख्खी मावशी. तिच्या फुप्फुसांवर व्रण धरलेत. डॉक्टर प्रीतींनी तिला नीट सांगितलं होतं, "जखम भरल्यावर तिथली कातडी कशी कडक होते, मावशी? तशी तुमची फुप्फुसं आतून कडक होऊन राहिली. हा खोकला कोरडा हाय, ओढून काढाले आत काही नाही. पूर्ण जाईन असं मी म्हणणार नाही. कमी करू."

हे खरं बोलणंच डॉक्टरणीला भोवलं. एकजण म्हणतो कमी करू, दुसरा म्हणतो आज काढतो. माणूस कोणाकडे जाईल?

मावशीनं आठवडाभरापासून गोळ्या सोडल्या होत्या. सकाळी तिनंही नळीतून फुंकलं होतं आणि तिचाही पेला पांढरा झाला होता. आणि त्या दिवशी कार्यक्रमाचा कळस होता 'यंत्रत्याग'. म्हणजे पेशंटांनी आपापल्या ऑक्सिजनच्या मशीनी महाराजांच्या पायाशी सोडायच्या. स्टेजवर आठ-दहा मशीनी हळदकुंकू लावून, हार घालून उभ्या होत्या. त्यातली एक आमची. ऑटोत घालून मावशीनं स्वतः आणलेली.

"मशीन काहून आणली वं मावशी?"

"घरात राहिली तं कफासुर वापस येते म्हणे."

"अन् रात्री दम लागला तं?"

"लागन तं लागन." तिला एवढं बोलायलाही मध्ये थांबावं लागत होतं. "ऑटोत मी खोकली का लोक नाक दाबून सरकते. भजनात मले दाराजवळ बसवते. नातीच्या लग्नाचं साक्षगंध म्या सैपाकघरातून पाह्यलं, तोंडात पदर कोंबून. तू पाह्यलं का असं कधी? मंग गप राय."

माझं ती ऐकणार नाही, हे मला आधीच ठाऊक होतं. म्हणूनच मी सोबत धम्मानंद सरांना आणलं होतं. कामठीच्या शाळेत त्यांनी सारी हयात विज्ञान शिकवलं. वाटलं, ते समजावतील. पण सर सकाळपासून नुसते त्या पेल्याकडे पाहत बसले होते.

तेवढ्यात महाराजांना लहर आली. दाराशी बॅण्ड वाजत होता. त्यातल्या क्लॅरिनेटवाल्याला, ताराचंदला, त्यांनी वर बोलावलं.

"इसके सीने में कफासुराचं पूर्ण खानदान आहे! फुंक बेटा!"

ताराचंदनं फुंकलं. पाणी पांढरं झालं. टाळ्या. महाराजांनी लोकांकडे तोंड करून एक हात वर उचलला, म्हणजे 'पुरे, आशीर्वाद'. पण बॅण्डमध्ये उस्तादाचा हात वर गेला की तो खाली येईपर्यंत सूर सोडायचा नसतो. आणि ताराचंद म्हणजे नाकानं श्वास घेत घेत तोंडानं अख्खी वरात ओढणारा गडी. महाराजांचा हात वर, ताराचंदचे गाल फुगलेले. महाराज प्रवचनात रंगले, हात वरच. ताराचंद फुंकतोच आहे.

पाणी पांढऱ्याचं फिकट झालं. फिकटाचं धुरकट झालं. आणि मग पुन्हा चक्क नितळ.

पुढची रांग उठून पेल्यात डोकावू लागली.

"कफ गेला कुठं गा?" मागून एकजण ओरडला.

"वापस घुसला त्याच्या छातीत!"

ताराचंद घाबराघुबरा. "महाराज, म्या तं बराबर काढला होता! तुमचा हातच खाली नाही आला!"

महाराजांनी पेल्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरून साफ दिसत होतं, हा प्रकार त्यांनीही पहिल्यांदाच पाहिला होता. "वो... श्रद्धा जास्त झाली! अतिश्रद्धेनं कफ विरघळला!"

"मंग आता आमी श्रद्धा किती ठेवाची, तेवढं सांगा!" चंपतरावांनी अगदी मनापासून विचारलं.

इतक्यात धम्मानंद सर मोठ्यानं हसले. उठले, लॉनबाहेरच्या ठेल्यावरून सोड्याची प्लास्टिकची बाटली घेऊन आले आणि सरळ स्टेजवर चढले.

"ताराचंद, शाब्बास! माह्या वर्गातले पोट्टे हा प्रयोग अर्ध्यावरच सोडत. तू पूर्ण केला." मग महाराजांकडे वळून म्हणाले, "पाणी तुमचं, पेला तुमचा, नळी तुमची. पेशंट फक्त माझा."

त्यांनी बाटलीचं झाकण उघडलं, तिच्या तोंडात नळी घातली, भोवती ओला रुमाल गच्च आवळला आणि दुसरं टोक ताज्या अमृतजलात बुडवून बाटली हलवली. बुडबुडे उठले. पाणी पांढरंफेक.

"निघाला!" सर म्हणाले. "आता मले सांगा, या बाटलीले खोकला कधीपासून हाय?"

हशा असा उसळला की निम्मे लोक परत ठसकले.

"बाबांनो, हे पाणी म्हणजे चुन्याची निवळी. पाण्यात चुना घोला, ठेवून द्या, वरचं नितळ पाणी काढा. झालं अमृतजल! सोड्यात जो वायू असते, तोच आपल्या उच्छ्वासातही असते. तो या पाण्यात गेला का पाणी पांढरं होते. फुंकतच राहिलं तं पुन्हा नितळ होते. पहिलवानानं फुंका, तान्ह्या लेकराच्या माईनं फुंका, पांढरं होणारच! चुना तं तुमच्या तंबाखू-खर्र्याच्या पुडीत हाय, घरी करून पाहा. फक्त प्याचं नाही, घसा भाजते."

"ये नास्तिक है! पकडो इसको!" महाराज माईकमध्ये गरजले.

पण माझं लक्ष मावशीकडे गेलं. धुरानं तिला उबळ आली होती. खोकला थांबत नव्हता, ओठ जांभळे पडत होते. मी धावलो, तिला हाताला धरून स्टेजवर बसवलं, मशीनच्या गळ्यातला हार भिरकावला. पण बोर्डावर एकही जागा रिकामी नव्हती. हाती आला तो प्लग उपटला आणि मशीन लावली.

तो प्लग महाराजांच्या आवाजाचा होता. "इसका सर्वनाश हो..." इतकं झालं आणि पुढे नुसतेच ओठ हलत राहिले. सबंध लॉनवर आता एकच आवाज, आमच्या मशीनची घरघर.

हळूहळू मावशीच्या ओठांवर रंग आला. नाकात मशीनची नळी तशीच ठेवून ती उठली. माईकशिवाय बोलली, थांबत थांबत, पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"महाराज, तुमी फुका म्हणाले, म्या फुकलं. दम उरलाच किती माह्यापाशी? तोही तुमच्या चुन्याले दिला! अन् पुन्हा म्हणता मशीन सोड! ही मशीन माही हाय. खोकलाही माहा हाय. दोन्ही घरी घेऊन जाईन!"

आणि ती खोकली. पदर न लावता, मान ताठ ठेवून.

मग बाकीचे उठले. जो तो आपली मशीन ओळखून ओढू लागला, हार तुटले, फुलांवरून चाकं गेली. त्या धांदलीत धुपाचं एक घमेलं महाराजांच्या पुढ्यात उलटलं आणि महाराजांना असा ठसका लागला, असा लागला, की डोळ्यांतून पाणी.

चंपतराव भक्तिभावानं पुढे झाले. पेला आणि नळी धरली. "फुका, महाराज!"

महाराज फुंकले नाहीत. गाडीत बसले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर प्रीती मावशीला खूप बोलल्या आणि गोळ्या परत सुरू केल्या. आता मावशीच्या पलंगाची उशाकडची बाजू विटांवर उचललेली आहे, कारण पोटातलं आम्ल घशाशी आलं की खोकला चाळवतो. जेवण लवकर. घरात उदबत्ती बंद, देवानं काही तक्रार केलेली नाही. उबळ येतेय असं वाटलं की पाण्याचा घोट, गिळायचं, नाकानं हळू श्वास. हे शिकवणारी दवाखान्यातली एक ताई आहे. रात्रीच्या खोकल्यासाठी डॉक्टरांनी मोजून-मापून एक औषध दिलं आहे, स्वतःच्या देखरेखीखाली.

खोकला गेला का? नाही. हे मी मुद्दाम मोठ्यानं सांगतो. कमी झाला. तिला झोप लागते, आणि ऑटोत कोणी नाक दाबून सरकलं की ती सुनावते, "सरकू नोको गा, हा खोकला तुले लागत नाही. नीट बस!"

तुम्हाला कोणी चमत्कार दाखवला तर एवढंच करा. ज्याला काहीच झालेलं नाही, त्याच्यावर तोच चमत्कार करून दाखवायला सांगा. निरोग्याच्या छातीतूनही रोग निघाला, तर समजा की रोग पेल्यात होता. आणि जो डॉक्टर तोंडावर सांगतो, 'हे पूर्ण जाणार नाही', त्याच्यावर रागावून उठू नका. खुर्ची पुढे ओढा आणि विचारा, "बरं, मग काय काय करता येईल?"